वाचून दाखवणारं माणूस

परमुलखात कामाला गेलेल्या बापानं घरच्या चार वर्षांच्या पोराला पत्र लिहायचं, यात एक अडचण आहे. ती इतकी उघड आहे की तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पोराला वाचता येत नाही. पाकिटावर नाव कुणाचंही असो, ते फोडणार दुसरं कुणी, वाचणार दुसरं कुणी. मुलाच्या कानावर जे पडणार ते शब्द बापाचे असले तरी आवाज आईचा, आजीचा, चुलत्याचा, नाही तर पोस्टमनचा असणार. बापानं मुलीला लिहिलेली पत्रं म्हटलं की आपल्याला नेहरू आठवतात. १९२८ च्या उन्हाळ्यात ते अलाहाबादला होते आणि इंदिरा मसुरीला. मराठी घरांत त्याच्या जोडीला साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ आठवतात, पुतणी सुधाला लिहिलेली. ही उदाहरणं मोठी आहेत, पण आपल्या विषयात ती जरा वाट चुकवतात. इंदिरा तेव्हा दहा वर्षांची होती आणि आपली पत्रं आपणच वाचत होती. सुधाही वाचत होती. लिहिणारा आणि वाचणारी यांच्यामध्ये कुणी उभं नव्हतं. पोटासाठी ज्या घरांतली माणसं लांब गेली, त्या घरांत मात्र मध्ये कुणीतरी कायम उभं होतं. या प्रकरणात मला जे म्हणायचं आहे ते त्या मधल्या माणसाबद्दल. दूर गेलेल्या आईबापाचं लहानग्याशी नातं टिकतं की विरतं, हे पत्र, फोन किंवा पडद्यावरचा चेहरा यांपेक्षा घरी राहून तो निरोप मुलापर्यंत नेणाऱ्या माणसावर जास्त ठरतं. साधनं बदलत गेली. ते माणूस आपल्या जागेवरून हललेलं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा परिसर घेऊ. कुंडल म्हटलं की आधी इंग्रजांविरुद्धचं भूमिगत प्रतिसरकार आठवतं, क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड आठवतात. ते बरोबरच आहे. (भूमिगताच्या घरी पत्र येणं म्हणजे पोलिसांना पत्ता कळवणं, त्यामुळे प्रतिसरकारच्या वर्षांची पत्रं शोधायला जाऊ नये.) पण या भागाला दुसरीही एक ओळख आहे, ती माणसं बाहेर पाठवणारा मुलूख म्हणून. कुंडल औंध संस्थानात होतं. आजच्या किर्लोस्करवाडी स्थानकाचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्याच्याजवळच्या माळावर कारखाना उभारला. रेल्वे एकदा दाराशी आली की ती माणसं आणते तशी नेतेही. सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग मिळून जो जुना सातारा होता, तिथले लोक मुंबईच्या गिरण्यांत गेले, पलटणीत गेले. खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली घरंच्या घरं ‘गलाईला’ गेली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून हाताला हे कसब लावून हे कारागीर देशभरच्या सराफ पेठांत भट्ट्या टाकून बसले. उत्तरेत गेले, दक्षिणेत गेले, नेपाळपर्यंत पोचले. आता त्याच गावांतून आखातात, युरोप-अमेरिकेत जाणारे आहेत. गावाच्या लेखी मुंबई काय, मदुराई काय आणि मस्कत काय, फरक अंतराचा आणि रजेचा. घरातल्या लहान मुलाला तर तेवढाही नाही. त्याच्यासाठी माणूस एक तर घरात असतं, नाही तर नसतं.

सगळ्यात जुनी आणि भरपूर सामग्री शिपायांची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करावी लागते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावातले ४६ जवान त्या युद्धात कामी आले. आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. १९११ च्या जनगणनेत देशात साक्षरांचं प्रमाण शंभरात सहाच्या आसपास होतं. बहुसंख्य शिपायांना लिहिता येत नव्हतं आणि त्यांच्या घरी वाचता येत नव्हतं. म्हणजे एका पत्राला दोन्ही टोकांना एकेक मध्यस्थ. तिकडे पलटणीतला लिहिणारा, इकडे गावातला वाचणारा, तलाठी, मास्तर, भटजी, जो मिळेल तो. फ्रान्समधल्या हिंदी सैन्याच्या टपालावर तर आणखी एक माणूस बसला होता, सेन्सॉर. तिथल्या कचेरीनं शिपायांच्या पत्रांतले उतारे इंग्रजीत करून दर आठवड्याचे अहवाल तयार केले. आज आपण ती पत्रं वाचू शकतो ती त्या अहवालांच्या कृपेनं. इतिहासकार डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांतली निवडक पत्रं पुस्तकरूपानं आणली. मराठ्यांच्या पलटणींपैकी बऱ्याच मेसोपोटेमियाच्या आघाडीवर होत्या. कुट-अल-अमारा इथे वेढ्यात सापडलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी ती फौज शरण गेली आणि उरलेले कैदेत गेले. ज्या घरी महिनोन्‌महिने कागदाचा तुकडा आला नाही, तिथे लहान मुलाला ‘तुझा बाप आहे’ हे कोण सांगत होतं? टपाल बंद पडलं तरी सांगणारं माणूस बंद पडलं नाही, म्हणून मुलाच्या लेखी बाप राहिला. इथे पत्र आणि पत्र सांगणारं माणूस या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या होऊन दिसतात. त्यांतली कोणती अधिक आवश्यक, हेही दिसतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की त्या पत्रांत मूल होतंच कुठे? जुनं मराठी पत्र घ्या. ‘तीर्थरूप दादांचे सेवेशी’ अशी सुरुवात, मग साष्टांग नमस्कार विनंती विशेष, इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवणे, बैलाचं काय झालं, सावकाराचं काय झालं, पैसे किती पाठवले. बायकोचं नाव बहुधा नाहीच, ‘घरी सर्वांस’ यातच ती आली. अगदी तळाशी, ‘कळावे’च्या आधी किंवा नंतर, एक ओळ: चि. अमक्यास अनेक उत्तम आशीर्वाद. हे काय मुलाला लिहिलेलं पत्र झालं? आक्षेप खरा आहे. लहान मुलाला स्वतंत्र पत्र लिहावं, त्याला काय वाटेल याचा विचार करून लिहावं, ही कल्पनाच त्या काळी गावोगाव नव्हती. पण त्या शेवटच्या ओळीला मी इतक्या सहज मोडीत काढणार नाही. विल्यम थॉमस आणि फ्लोरियन झ्नानिएत्स्की या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत गेलेल्या पोलिश शेतकऱ्यांची शेकडो कौटुंबिक पत्रं जमवून १९१८ ते १९२० या काळात पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की विषय लग्नाचा असो, मरणाचा असो की पैशाचा, प्रत्येक पत्र मुळात एक वंदनपत्र असतं. देवाचं नाव, क्षेमकुशल, मग क्रमवार एकेकाला नमस्कार. माहिती देणं हे त्याचं दुय्यम काम. माणूस लांब असला तरी कुटुंबाची घडी आहे तशी आहे, हे दाखवणं मुख्य. आपलं तीर्थरूप-चिरंजीव त्याच जातीचं आहे. असं पत्र डोळ्यांनी एकट्यानं वाचण्यासाठी नव्हतंच. ते ओसरीवर, घोळक्यात मोठ्यानं वाचलं जाई. नावांची ती ओळीनं हजेरी ऐकणाऱ्यांसाठी होती. ऐकणाऱ्यांत सगळ्यात धाकट्याचा नंबर शेवटी लागत असेल, तर त्याला शेवटपर्यंत ऐकत बसावं लागे. आणि वाचणारा त्या ओळीपाशी थांबून पोराकडे पाहतो की तीच ओळ भराभर उरकून घडी घालतो, यात त्या पत्राचं मुलापुरतं सगळं मोल सामावलेलं होतं. कागदावरची ओळ दोन्ही घरांत एकच.

मनीऑर्डरीचं थोडक्यात सांगतो. पाव आण्याचं पोस्टकार्ड १८७९ साली आलं, टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० साली. गिरणगावातून घाटावर आणि कोकणात गेलेला पैसा मुख्यतः याच वाटेनं गेला. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी जागा असे, दोन-चार ओळींपुरती. पैसे मोजून देता देता पोस्टमनच ती वाचून दाखवी. पैसा आणि शब्द एकाच माणसाच्या हातून, एकाच वेळी उंबऱ्यात येत. आज पैसा बँकेत किंवा मोबाइलवर येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या रकमांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत पहिला, दिसला. तो सगळा पैसा मुंबई-पुण्याकडचा असेल, गावाकडचा किती हा निराळा प्रश्न. पण त्या पैशाला आता बोलण्यासाठी खालची दोन ओळींची जागा उरलेली नाही, ही गोष्ट मला आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. मुलाला पूर्वी बापाचा पैसा ऐकू येत असे.

साक्षरता वाढली तेव्हा या व्यवस्थेत एक मजेशीर उलथापालथ झाली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे या भागात शाळांचं जाळं पसरलं. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ साली जी राज्यघटना आणली, तिच्यात मताचा हक्क साक्षरतेशी जोडलेला होता. कुंडलही त्याच संस्थानात, म्हणजे इथे अक्षरओळख ही मतदानाची अट झाली होती. १९५९ साली सातारा जिल्ह्यातच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मोठ्या माणसांनी पाट्या हातात घेतल्या. तरीही एक मधला काळ असा गेला की घरात वाचता येणारं एकमेव माणूस म्हणजे चौथी-पाचवीतलं पोर. १९५१ साली देशातली साक्षरता अवघी १८ टक्के होती, आणि बायकांची त्याहून कितीतरी कमी. १९५० साली अंतर्देशीय पत्र निघालं, निळं, तीन घड्यांचं, बंद होणारं. आता बाप एकटा लिहितो, पत्र बंद होतं, गुपित राहतं, असं वाटावं. पण ते फोडून वाचणार कोण? तेच दहा वर्षांचं पोर. आजीला आणि आईला ऐकवणार तेच, आणि आईचं उत्तर लिहून घेणारंही तेच. म्हणजे ज्याच्या नावानं कधीकाळी शेवटची ओळ येई, तोच आता मधलं माणूस झाला. कर्ज किती थकलं, चाळीत कोण आजारी आहे, घरी केव्हा येणार याचं नक्की नाही, हे सगळं त्याच्या तोंडून घरात उच्चारलं जाणार. लिहिणाऱ्याला हे माहीत असतं, मग तो हात आखडून लिहितो. सांगणारीलाही माहीत असतं, मग ती काही गोष्टी सांगतच नाही. त्या पिढीची पत्रं कोरडी वाटतात म्हणून बापांना बोल लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कोरडेपणा स्वभावाचा थोडा असेल. बराचसा तो वाचणाऱ्याच्या वयाचा आहे.

मधल्या माणसाला मी इतकं महत्त्व देतो आहे, तर ते माणूस वाईट असलं म्हणजे काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. यासाठी मराठी इतिहासात एक उदाहरण आहे आणि ते सातारा-सांगलीचं नसलं तरी सोडता येत नाही. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा १८८१ साली जन्मली. दुसऱ्याच वर्षी तिचे वडील वारले. १८८३ मध्ये रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या मठात राहिल्या, ख्रिस्ती झाल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकवू लागल्या. १८८६ च्या आरंभी आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या, त्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच व्याख्यानं देत, पैसा उभा करत १८८८ पर्यंत राहिल्या. या काळात लहानग्या मनोरमेला परत इंग्लंडला, वाँटेजच्या सिस्टरांकडे पाठवावं लागलं. कामासाठी समुद्रापार असलेली आई आणि अजून स्वतः नीट वाचू न शकणारी मुलगी, म्हणजे आपल्या विषयाचं अगदी शुद्ध रूप. मधलं माणूस होतं सिस्टर जेराल्डीन. तिची माया खरी होती, पण धर्मशिक्षणाबाबत तिचं आणि रमाबाईंचं उघड भांडण होतं. मुलीला कोणती मतं शिकवावीत हा अधिकार आपला आहे, असं रमाबाई बजावत होत्या. जेराल्डीनला तो अधिकार चर्चचा वाटत होता. रमाबाईंची पत्रं जिच्या हातून मुलीकडे जात होती, तीच वादातली दुसरी बाजू होती. आज तो सगळा पत्रव्यवहार आपल्याला उपलब्ध आहे, तोही जेराल्डीननंच जपून, लावून ठेवला म्हणून. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली तो प्रसिद्ध केला. मधल्या माणसाच्या हाती काय काय असतं याचा इतका पूर्ण नमुना क्वचित मिळतो. तेच वाचून दाखवणार, तेच अर्थ लावणार, शेवटी कागदही तेच राखणार.

हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं असं कुणी म्हणेल. मधलं माणूस इतकं धोक्याचं असेल तर त्याला वगळलेलंच बरं, आईबापाचा आवाज थेट मुलापर्यंत जावा. मला उलटं दिसतं. रमाबाईंनी हा धोका नीट ओळखला होता, म्हणून त्यांची लेखणी एकट्या मनोरमेकडे वळली नाही. जेराल्डीनशीही त्या सतत, कधी तिखट, कधी मायेनं, लिहीत राहिल्या. चार-पाच वर्षांच्या मुलीशी बोलायचं तर तिला सांभाळणाऱ्या बाईशी बोलणं तोडून चालत नाही, हे त्यांनी कृतीनं दाखवलं. सगळं बिनसूनही ते दार त्यांनी बंद केलं नाही. आणि मनोरमा आईपासून तुटली नाही. पुढे ती आईच्या कामात उभी राहिली, शारदा सदनाची जबाबदारी तिनं वाहिली, आणि १९२१ साली, आईच्या आधी काही महिने, वारली.

आता सगळ्यात भक्कम आक्षेप. हे सारं पोस्टकार्डाच्या जमान्यातलं आहे. दुबईतला बाप रोज रात्री मुलाला चेहऱ्यानिशी दिसतो, मग वाचून दाखवणारं माणूस लागतं कशाला? या आक्षेपाच्या बाजूनं पुरावाही आहे आणि तो दडवण्यात अर्थ नाही. दोन-अडीच वर्षांखालची मुलं पडद्यावरच्या चित्रफितीतून फारसं शिकत नाहीत, समोरच्या माणसाकडून शिकतात, हे बालमानसशास्त्रात पुष्कळ वेळा दिसलेलं आहे. पण सारा रोझबेरी, कॅथी हर्ष-पासेक आणि रॉबर्टा गोलिंकॉफ यांनी २०१४ साली दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरचं माणूस मुलाला त्या क्षणी प्रतिसाद देत असेल तर मुलं नवी क्रियापदं प्रत्यक्ष भेटीइतकीच शिकतात, आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीतून मात्र शिकत नाहीत, असं त्यांना आढळलं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली दीड वर्षाखालच्या मुलांना पडदा नको असं सांगताना व्हिडिओ कॉलचा अपवाद मोकळा ठेवला. मग पत्राची बाजू घेणं म्हणजे जुन्याची ओढ एवढंच उरतं का?

प्रयोगशाळेतून बाहेर या आणि कुंडलमधलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. बापाची पाळी संध्याकाळी सातला सुटली तर इथे साडेआठ. तो बसमधून खोलीवर जाऊन, हातपाय धुऊन फोन लावतो तेव्हा इथे नऊ-साडेनऊ, पोर झोपेला आलेलं. फोन पकडायला तीन वर्षांच्या मुलाचा हात पुरत नाही. पडद्यावर कधी छत दिसतं, कधी नाकपुड्या. मूल मधेच उठून मांजरामागे पळतं. बाप विचारतो, जेवलास का? उत्तर आई देते. ‘पप्पांना दाखव की आज शाळेत काय काढलंस’ हे आईच म्हणते, आणि मूल पडद्याकडे पाहण्याआधी तिच्या तोंडाकडे पाहतं. फोन धरणारं, प्रश्न पुन्हा मुलाच्या भाषेत विचारणारं, मुलाचं बोबडं उत्तर बापाला उलगडून सांगणारं माणूस त्या चौकटीच्या बाहेर बसलेलं असतं, म्हणून आपल्याला ते दिसत नाही, इतकंच. शेजारी बसलेलं मोठं माणूस पडद्यावरच्या व्यक्तीशी कसं वागतं हे पाहून मूल ती व्यक्ती खरी मानतं आणि तिच्याकडून शिकतं, असं पुढच्या अभ्यासांतही दिसलं आहे. पूर्वीचा वाचक पत्र हातात धरून मोठ्यानं वाची. आजचा मोबाइल हातात धरून कुजबुजत सांगतो. काम तेच. फरक असा की पत्रवाचकाला सगळ्या घोळक्यानं पाहिलेलं असे, त्याच्या कामाला मान होता, नाव होतं. फोन धरणाऱ्या आईच्या कामाला नावही नाही. उलट ‘रोज बोलतो की पोराशी’ हे श्रेय बाप आणि इंटरनेट वाटून घेतात.

मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर यांनी ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या फिलिपिनो आया आणि मायदेशी वाढलेली त्यांची मुलं, अशा दोन्ही बाजूंशी बोलून २०१२ साली एक पुस्तक लिहिलं. ते माझ्या म्हणण्याला अर्धं गैरसोयीचं आहे. आठवडेन्‌आठवडे वाट पाहायला लावणारी पत्रं मुलांना फार रुचली होती असं त्यात दिसत नाही. बातमी शिळी होऊन येई आणि आईच्या डोक्यातलं मूल तिनं सोडलं तेव्हाच्या वयाचंच राही. ‘पत्रात जिव्हाळा होता, फोनमध्ये नाही’ असा गहिवर काढणाऱ्यांना हे सांगायला हवं. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही आहे. स्वस्त फोन आल्यावर आयांना आपण पुन्हा आई झालो असं वाटलं, मुलांचं मत मात्र मिश्र राहिलं, काहींना तर ती पाळत वाटली. साधन सुधारलं म्हणजे नातं सुधारलंच असं नाही, आणि सुधारलं तरी दोन्ही टोकांना सारखं नाही. यात राझेल पारेन्यास यांच्या २००५ च्या अभ्यासाची भर घातली तर चित्र पुरं होतं. फिलिपिन्समध्ये बाप परदेशी गेला तर मुलं ते समजून घेतात, आई गेली तर सोडून गेली असं मानतात, असं त्यांना दिसलं. अशा आया सहसा पैसे आणि निरोप पाठवण्यात कमी पडत नव्हत्या. कमी पडत होतं ते भोवतालचं बोलणं. नातेवाईक, शाळा, शेजार सगळे आईच्या जाण्याची गोष्ट ‘मुलांना टाकून गेली’ अशी सांगत होते, बापाच्या जाण्याची ‘मुलांसाठी गेला’ अशी. मूल तेच शिकलं. मिरज-सांगलीकडची एखादी परिचारिका उद्या आखातात किंवा ब्रिटनला गेली, तर तिच्या पोराला आई कशी समजेल हे तिच्या फोनच्या दरापेक्षा सासूच्या एका वाक्यावर ठरेल.

हे मान्य केलं तर लहान मुलाला काय लिहावं याचा विचारही बदलतो. लिहायचं ते डोळ्यांसाठी नाही, तोंडासाठी. लांबलचक वाक्य आजीच्या श्वासात मावत नाही. विनोद कागदावर असून भागत नाही, तो आईला सांगता आला पाहिजे. ‘मी तुझी फार आठवण काढतो’ हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना निम्मं ओसरतं. ‘इथे माझ्या खोलीच्या खिडकीत रोज एक कबूतर येतं, त्याचा एक पाय वाकडा आहे’ हे मात्र कुणीही वाचलं तरी शाबूत राहतं, आणि पोर दुसऱ्या दिवशी त्या कबुतराची चौकशी करतं. तेच वाक्य चार वेळा वाचून दाखवता येतं, हा कागदाचा फोनवरचा एक साधा, पण न हरवणारा फायदा आहे. लहान मुलांना एकच गोष्ट शब्दही न बदलता पुन्हा पुन्हा हवी असते, आणि बाप तीच गोष्ट रोज फोनवर सांगायला बसला तर तिसऱ्या दिवशी तो शब्द बदलतोच. शाळेत जाणारं मूल आहे म्हणून त्याच्या वाचण्यावर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतात तिसरीतल्या साधारण २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे आठ वर्षांच्या पोराच्या नावानं आलेलं पत्रही बहुतेक घरांत अजून दुसऱ्यालाच वाचावं लागणार.

उलटं टपालही असंच. मूल उत्तर देतं ते बहुधा रेघोट्यांनी, किंवा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवून. तो पंजा दुबईला पोचतो, पण सोबत काही लिहिलेलं नसेल तर बापाला नुसता एक हात दिसतो. खाली आईनं दोन शब्द लिहिले असतील, ‘मागच्यापेक्षा मोठा आलाय बघा, करंगळी कागदाबाहेर गेली’, तर तोच हात वाढलेला दिसतो. घरोघरी असे पंजे काढले जातात आणि पाठवलेही जातात, आता बहुधा फोटो काढून. खालच्या त्या ओळीला मात्र कुणी पत्र म्हणत नाही.